अधिक एक

आचाओ बेटावरच्या शाळेत संध्याकाळी सातला
मोठ्यांचा वर्ग भरतो.
शेगडीत ओलं लाकूड, बाकांवर ओली लोकर,
आणि फळ्यावर माझ्या अक्षरात:
एका संख्येपेक्षा पाचने कमी.

"कुणाची संख्या?" एदेल्मिरा विचारते.
कुणाचीच नाही. कुठलीही.
"कुठलीही झाली तरी कुणाची तरी असणारच,"
ती म्हणते, आणि सुया खाली ठेवत नाही.
(विणकाम वर्गात चालतं. हा नियम मीच केला,
दुसऱ्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे दिसल्यावर.)

मग बटाटे घेतले.
होडीत किती पोती, ठाऊक नाही. धुकं आहे.
धक्क्यावर उतरवताना पाच पाण्यात गेली.
लिहा.
एलेउतेरिओनं लिहिलं: पाच वजा x.
"अरे, पाच पोत्यांतून अख्खी होडी वजा केलीस!"
त्यानं थुंकी लावून बोटानंच खोडलं.
त्याचंही चूक म्हणवत नाही मला.
जे ठाऊक असतं ते माणूस आधी लिहितो,
धुक्यातलं मागाहून.

x शी मात्र कुणाचं वैर नाही.
एदेल्मिराची आई जमिनीच्या कागदांवर
अशीच फुली मारायची, सही म्हणून.
"सगळ्या बेटानं ओळखलं तिला त्या फुलीवरून,
आणि तुम्ही म्हणता अज्ञात."

गुणाकाराची फुली वेगळी, मी बजावते,
ती आता लिहायचीच नाही,
दोन आणि x नुसते शेजारी बसले की दुप्पट.
"शेजारी बसून दुप्पट?" मागच्या बाकावरून एलेउतेरिओ.
"माझा शेजारी कुऱ्हाड घेऊन गेला तो
ईस्टरपासून परत आलेला नाही."

कंसांनी दोन संध्याकाळी खाल्ल्या.
मजुरी आणि भत्ता, यांच्या बेरजेची दुप्पट.
मजुरीची दुप्पट, आणि भत्ता.
शब्द तेच, माणसं तीच, फक्त कोण कुणाचा हात धरून उभं आहे
तेवढं बदललं.
ब्रिसेइदा दिवसभर साल्मनच्या कारखान्यात मासे चिरते,
हाताचा वास जात नाही म्हणून वही कोपरानं धरते.
तिनं दोन्ही लिहून पाहिलं.
भत्त्याच्या जागी तीन हजार घातले,
पिशवीतून पगाराची चिठ्ठी काढली, दोन पाळ्यांच्या दिवसाची,
आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.
"कंस गिळला त्यांनी," म्हणाली मग.

सोमवारी तो कागद घेऊन ती कार्यालयात गेली.
काय झालं, अजून सांगितलेलं नाही.
परवा मात्र वहीत कंस इतके दाबून काढले
की पुढच्या तीन पानांवर उमटले.

"आणि बरोबरचं चिन्ह?" एदेल्मिरा.
पुढच्या धड्यात. ही नुसती राशी आहे,
सोडवायची नाही, मांडून ठेवायची.
"उत्तर नसलं तरी चालतं?"
चालतं.
"बघा हं, नंतर नाही म्हणाल."

ती उठली. पहिल्यांदाच फळ्याशी आली.
मुलगा दक्षिणेला गेला त्याला अकरा वर्षं झाली,
लग्न केलं असं कुणीसं बोटीवर सांगितलं,
पोरं किती ते त्या माणसाला माहीत नव्हतं.
"प्रत्येक पोराला एक स्वेटर,
आणि वर एक त्याला."
खडू तिच्या बोटांत सुईसारखा आडवा.
x + 1.
माझ्याकडे न बघताच जागेवर गेली.

बोट सुटण्याचा भोंगा झाला, वर्ग आवरू लागला.
गुडघ्यांवर करडं विणकाम, एक बाही झालेली.
हा त्यातला कुठला, मी विचारलं.

"पोरांची मापं कुठं आहेत माझ्याकडे?
हा अधिक एक."